चावून लावायचा पाला

बाबाला अस्वलाने धरलं तेव्हा मी नववीत होते. मोहफुलं वेचायचे दिवस होते. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला टेकलेलं. त्या दिवसांत उजाडायच्या आत सगळे झाडाखाली असतात, कारण फुलं पहाटे गळतात आणि ती जनावरांनाही आवडतात. अस्वल झाडाच्या पलीकडच्या बाजूला फुलंच खात होतं. बाबाने वाकून टोपली उचलली आणि ते उठलं. एवढंच झालं. त्यात शौर्य नाही की लढाई नाही. उजव्या हाताचं खांद्यापासून कोपरापर्यंतचं मांस त्याने ओरबाडलं आणि लोकांच्या ओरडण्याने ते आल्या वाटेने निघून गेलं.

माय रडली नाही. ती नाल्याच्या काठाकडे पळाली, खाली बसली, कंबरमोडीचा पाला पाहून पाहून तोडला आणि परत येता येताच चावायला लागली. दुसरीकडे या झाडाला दगडीपाला म्हणतात. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरवं पाणी गळत होतं. चावलेला लगदा तिने तळहातावर घेतला आणि बाबाच्या हातावर दाबला. आमची शेजारीणही मूठभर पाला घेऊन आली होती. मायने तिच्या हातातला पाला घेतला नाही. शेजारणीला त्याचा राग आला नाही. ती खाली बसली, आपला पाला आपण चावला आणि खांद्याकडची जखम तिने भरली. बाबाचाच दुपट्टा वरून बांधला.

आमच्याकडे ही रीत आहे. ज्याने पाला तोडला त्यानेच तो चावायचा आणि त्यानेच लावायचा. तोडलेला पाला दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. घरी आणून ठेवायचा नाही. विकायचा तर नाहीच.

बाबाला बाजेवर घालून चौघांनी डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. तिथून एक जीप मिळाली. दवाखान्यात ज्या डॉक्टरबाई होत्या त्यांनी दुपट्टा सोडला आणि नाक मुरडलं. जखमेत हे कुणाचं थुंकं भरलंय, असं त्यांनी विचारलं. माय भिंतीला टेकून उभी होती. तिची हनुवटी अजून हिरवी होती. मोह वेचून तसंच शाळेत जायचं म्हणून मी गणवेशात होते, चांगलं मराठी बोलणारी घरात मी एकटी, म्हणून उत्तर मीच दिलं. मी म्हणाले, गावातल्या एका बाईने लावलं.

माझ्या मायसमोर म्हणाले.

रक्त थांबलं होतं म्हणून बाबा तिथवर पोचला, हे त्या डॉक्टरबाई बोलल्या नाहीत. जखम धुवायला आणि टाके घालायला त्यांचीच गरज होती, हेही खरं. मायला या दोन्ही गोष्टी माहीत होत्या. ती कधीच म्हणाली नाही की पाल्याने जखम भरते. पाला रक्त धरतो. पुढचं काम माणसं आणि दवाखाना करतात.

त्यानंतरची तीन वर्षं मी कुणाला सांगत नाही, पण इथे लिहिते. बाबाचा हात कोपरातून सरळ झाला नाही. कुऱ्हाड धरता येईना, म्हणून बांबू तोडायचं काम गेलं. माय दोघांचं काम करायला लागली. मोह, तेंदूपत्ता, दुसऱ्याच्या बांधीत रोवणा म्हणजे भातलावणी, धानकापणी. आम्ही कण्यांची पेज प्यायचो आणि पाहुणे आले की शिजायला वेळ आहे असं सांगून त्यांना चहावर बसवून ठेवायचो. दहावीच्या वर्षी मी रोवणा करून शाळेत जायचे. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, त्या चपलेच्या पट्ट्याला घासायच्या. वर्गात मी पाय बाकाखाली घ्यायचे.

तरीही शिकले. चंद्रपूरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मोठ्याने सांगते आणि परत सांगेन. ज्यांच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना हे मिरवणं वाटतं. वाटू दे.

पुढे एम.एस्सी.साठी नागपूरला गेले आणि तिथे हा खेळ भेटला. वसतिगृहातली माझ्या खोलीतली मुलगी दर रविवारी जायची, तिच्याबरोबर गेले. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मंत्र जाणणारी. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने बोलून सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. किल्ले, राक्षस, उडते साप, सगळं खोटं. मला ते आवडलं. तिथे कुणी माझं गाव विचारत नव्हतं, तू काय करतेस एवढंच विचारत होते.

सगळ्यांना तलवारी हव्या होत्या म्हणून वैद्याचं काम माझ्याकडे आलं. लढाईत कुणी पडला की ओरडायचे, ए वैद्यबाई, लाल बाटली दे ना बे. लाल बाटली म्हणजे जडीबुटीचा काढा. प्यायला की जखम गायब. पोटात भाला घुसलेला माणूस एका घोटात उठून पुन्हा उड्या मारायचा. पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी विचारलं, या बाटलीत असतं काय? कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, दुर्मिळ वनस्पती. कोणत्या वनस्पती, कुठे उगवतात, कोण तोडतं, यावर एक ओळ नव्हती. पुस्तकात तलवारींची मात्र चौदा पानं.

मी वहीत लिहायला लागले. आपल्या जंगलातली झाडं घेऊन या खेळासाठी औषधं कशी लिहिता येतील, ते. रक्त धरणारी, ताप उतरवणारी, विंचवावरची, चालून सुजलेल्या पायाची. त्या गटातल्या एकाने वहीच्या चार पानांचे फोटो पुण्याला पाठवले. तिथे एक गृहस्थ मराठीत असाच नवा खेळ काढत होते. त्यांचा फोन आला. रणांगणावरच्या औषधांचा पूर्ण अध्याय तूच लिही, म्हणाले, चाळीस वनस्पती. मला नावाने हाक मार असंही म्हणाले, पण माझ्या तोंडात सरच बसलं.

माझं लिहिलेलं छापून येणार होतं. मी गावभर सांगितलं.

उन्हाळ्यात घरी आले आणि मायच्या मागे मागे फिरले. ती वेचत राहायची, सांगत राहायची, मी लिहायचे. तिला एकेक झाड तीन-तीन नावांनी माहीत होतं. वीस वनस्पती झाल्या. त्यात पहिली कंबरमोडी. मी लिहिलं, ताजी पानं घेऊन. मग थांबले. पुढे चावून लिहायचं होतं. पुण्याची माणसं वाचणार होती. मला दवाखान्यातलं ते मुरडलेलं नाक आठवलं. मी लिहिलं, खलात वाटून.

तिने विचारलं, काय लिवलं, वाचून दाखव. मी वाचलं आणि ते दोन शब्द गाळून वाचलं. मग पहिला अर्धा अध्याय पाठवून दिला.

सरांना फार आवडला. महिनाभराने पानं जुळवून, चित्रं घालून माझ्या फोनवर आली. मी ती घराच्या पडवीत बसून उघडली.

कंबरमोडीचं नाव बदललं होतं. या नावाला वजन नाही म्हणून तिला चंद्ररक्ता केलं होतं. चंद्ररक्ता निळ्या बाटलीत मिळत होती. बाटली जंगलातल्या दुकानात मिळत होती. दुकानात एक बाई बसली होती, अंगावर कातडं, डोक्यात पिसं, गळ्यात हाडं, डोळे अर्धे मिटलेले. तिच्याखाली लिहिलं होतं, वनमाता, हिला अक्षरओळख नाही पण झाडं हिच्याशी बोलतात. बाटली प्यायली की सगळ्या जखमा भरून येतात.

मी ते पान दोनदा वाचलं. तेवढ्यात माय आली. ती चौथी शिकलेली आहे, अक्षराखाली बोट ठेवून वाचते. तिने फोन हातात घेतला आणि आधी चित्र पाहिलं.

"ही कोन वं?"

मी म्हटलं, औषध विकणारी आहे.

"पाला इकते?" ती हसली. "मंग तोडते कोन?"

मी म्हटलं, कोणी तोडत नाही, दुकानात असतोच. ती पुढे वाचत राहिली. बोट एका ठिकाणी थांबलं.

"इथी वाटून लिवलं हाय. वाटून कोन म्हनलं?"

"मी."

तिने फोन खाली ठेवला. मी सांगायला लागले, की पुस्तकात तसंच लिहितात, की शहरातल्या लोकांना किळस येते, की वाटलं काय आणि चावलं काय, पान तेच. ती ऐकत होती. मी बोलत असताना माझं मलाच कळत होतं की मी दवाखान्यात उभी आहे.

"तुले लाज वाटली," ती म्हणाली. रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. "थुंक्यात काई नाई वं. जो आपल्या तोंडात घालनार हाय, तो पाहून तोडते. दुसऱ्यासाठी तोडनारा झपाझपा तोडते. एवढीच गोष्ट हाय."

मी पाच वर्षं वनस्पतीशास्त्र शिकले. पानाच्या कडा, शिरा, लव, सगळं काढलं, नावं पाठ केली. पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. नाल्याच्या काठी कंबरमोडीच्या शेजारी दिसायला तशीच दुसरी पानं पुष्कळ असतात. त्यातलं एक असं आहे की कातडीला लागलं की फोड येतात. घाईत, समोर माणूस रक्तात पडलेला असताना, हात काहीही ओढतो. त्या हाताला आवरायला ही रीत आहे. आधी तुझ्या तोंडात, मग त्याच्या जखमेत. मी दोन शब्द बदलले आणि रीतच काढून फेकली.

मी पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. नाव परत करा, पिसं काढा, दुकान काढा, वाटूनच्या जागी चावून करा. सर शांतपणे ऐकून घेणारे आहेत, ते मान्य करते. शांत माणसावर रागावणं फार अवघड असतं.

ते म्हणाले, "अगं, वाटून तूच लिहिलंयस. वाटलं की साठवता येतं, साठवलं की विकता येतं. त्यावर आम्ही जंगलातला सगळा बाजार उभा केला. आता चावून कसं करणार?"

खोटं काय बोलत होते? माझ्या दोन शब्दांवर त्यांनी दुकान बांधलं होतं. मग ते म्हणाले की कुणाचं तरी उष्टं जखमेवर लावायचं, हे खेळणाऱ्यांना रुचणार नाही. मी म्हटलं, सर, तुमच्या खेळात माणसं राक्षसाची आतडी गळ्यात घालून फिरतात, ती रुचतात. ते हसले. म्हणाले, ती कल्पना असते. मी विचारलं, आणि माझी माय?

तेव्हा ते म्हणाले की नागपूरला रविवारी चाचणीचा खेळ ठेवला आहे, तिथे ये, बोलू. आईंनाही आण. त्यांना आईंना भेटायचं होतं.

माय यायला लगेच तयार झाली. बाबाला मात्र पटलं नाही. तो म्हणाला, खेळातल्या माणसाले खरा पाला काऊन पायजे? देऊन टाक ना, पोरी. मी त्याच्याशी भांडले. त्यांनी खोटा पाला छापला असता तर मी बोलले नसते. ते आमचा म्हणून छापत होते. पहिल्या पानावर लिहिलं होतं, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं अस्सल ज्ञान. बाबाने वाद सोडला, पण त्याला पटलं असं मला वाटलं नाही. काम हातचं जाईल, ही भीती त्याला होती. मलाही होती. ते माझं पहिलं काम होतं आणि सगळ्या गावाला मी सांगून बसले होते.

नागपूरला एका सभागृहात सहा टेबलं मांडली होती. मायने विहारात जायची पांढरी साडी नेसली होती, पायात बंद चप्पल, हातात पिशवी. सर उठून आले, वाकून नमस्कार केला, मावशी म्हणाले, चांगले वागले. मग बाजूला घेऊन मला म्हणाले की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वनमाता म्हणून यांचाच चेहरा घ्यायचा विचार आहे, चित्रकार त्यात पिसं घालेल, इथे फक्त फोटो काढू. ते हळू बोलले, पण मायचे कान तीक्ष्ण आहेत.

"भाऊ," ती म्हणाली, "माह्या सासऱ्यानं धम्म घेतला तवापासून आमच्या घरी आंगात कोनी येत नाई. पिसं कोंबडीलेच राहू द्या."

टेबलावरची पोरं हसली. सरांचे कान लाल झाले. मला हसू आलं नाही. मला तेव्हा काहीतरी फेकावंसं वाटत होतं. या माणसाने माझ्या मायला समोर पाहिलं, इस्त्रीची साडी पाहिली, तरी त्याला पिसंच दिसत होती. जंगलात राहते म्हटलं की बाई एकतर देवी नाहीतर अडाणी. मजुरी करणारी, बसचा पास काढणारी, पोरीच्या कॉलेजचा अर्ज स्वतः नेऊन देणारी बाई त्यांच्या कुठल्याच चित्रात बसत नाही.

खेळ सुरू झाला. गोष्टीत एका धनुर्धर बाईला रानडुकराने फाडलं होतं. ते पात्र खेळणारी मुलगी समोरच बसली होती. तिच्या शेजारचा दाढीवाला इंजिनिअर, गोष्टीत योद्धा, म्हणाला, निळी बाटली पाजतो. फासे उचलले.

मायने त्याला विचारलं, "पाला कोनं तोडला?"

तो गोंधळला. म्हणाला, दुकानातून घेतली, काकू.

"दुकानवाल्यानं कोनापासून घेतली?"

त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. मी उभी राहिले. एवढ्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते, आणि जे बोलायचं होतं ते माझ्याच विरुद्ध होतं. मी सांगितलं की हा अध्याय मी लिहिला आहे आणि चुकीचा लिहिला आहे. पाला चावून लावतात, तोडणाराच चावतो, ते लिहायची मला लाज वाटली म्हणून मी खोटं लिहिलं. ही माझी आई आहे, हे सगळं तिने सांगितलेलं आहे. आता ते बरोबर करून छापा, नाहीतर माझं काढून टाका.

मग ती धनुर्धर मुलगी म्हणाली, मग खऱ्या पद्धतीने खेळून बघू ना, मी तशीही मरतेच आहे.

सरांनी जागा दिली. गोष्ट सांगायला मी बसले. नियम तिथल्या तिथे केला: पाला तोडणाऱ्याने आधी स्वतः तोंडात घालायचा. पान चुकलं तर त्याचीच जीभ सुजणार, पुढे त्याला ना मंत्र म्हणता येणार ना हाक मारता येणार. मी नाल्याचा काठ सांगितला, गवत सांगितलं, चार प्रकारची पानं सांगितली. दाढीवाला, जो इतका वेळ फटाफट फासे टाकत होता, एकदम थांबला.

"मी तोडतो, तू चाव ना बे," तो शेजारच्याला म्हणाला.

सगळे हसले. मायही हसली, पदर तोंडाला लावून. म्हणाली, हाच तं पहिले मरते.

मग त्याने तिला विचारायला सुरुवात केली. पानाला लव असते का? फूल कसं असतं? माय सांगत गेली, फूल मंधात पिवळं, कडेच्या पाकळ्या पांढऱ्यावानी, पाकळीले तीन दाते, देठ लांब, पान खरखरीत. एक प्रश्न चुकीचा विचारला तर ती त्याला परत पहिल्यापासून पाहायला लावायची. एका मुठीला पंधरा मिनिटं लागली. दुसऱ्या टेबलांवरचे उठून मागे उभे राहिले. त्याने फासा टाकला, पान बरोबर निघालं आणि त्याने असा श्वास सोडला की जणू खरंच तोंडात होतं.

रक्त थांबलं. धनुर्धर मुलीने विचारलं, आता मी उठू? मी म्हटलं, नाही. पाल्याने रक्त धरलं, एवढंच. तुला उचलून न्यावं लागेल. मग भांडण लागलं, कारण उचलणाऱ्याला ढाल टाकावी लागणार होती आणि ढाल टाकायला कुणी तयार नव्हतं. शेवटी दोघांनी टाकली. दाढीवाल्याने आधी टाकली.

मला वाटलं, आता सर म्हणतील की पटलं. ते म्हणाले, छान झालं, पण खेळ मंदावतो. बाजाराचं काय करायचं? बघतो.

पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मधला मार्ग काढला होता. बाटली, दुकान, चंद्ररक्ता तसंच राहील, मात्र पानाच्या कडेला चौकटीत बारीक अक्षरात चावण्याची माहिती येईल. चौकटीला शीर्षक दिलं होतं, स्थानिक समजूत.

समजूत! ज्या गोष्टीने माझा बाप दवाखान्यापर्यंत जिवंत गेला, ती समजूत. आणि त्यांची निळी बाटली नियम. मी ते पत्र मायला वाचून दाखवलं, या वेळी एकही शब्द न गाळता. ती सुपात मोहफुलं पाखडत होती. म्हणाली, तुह्या पहिल्या लिवन्यापेक्षा बरं हाय. टोमणा होता तो, आणि मला तो मिळायलाच हवा होता.

मग मी जे केलं ते कुणाला विचारून केलं नाही. चाळीसपैकी वीस वनस्पती त्यांच्याकडे होत्या. उरलेल्या वीस माझ्या वहीत. मी कळवलं की पहिल्या वीस वनस्पती मी नव्याने लिहून पाठवते आहे, त्या एक शब्दही न बदलता जुळवून मला दाखवा, मग पुढच्या वीस देते. पिसांची बाई पुस्तकात राहिली तर काहीच देत नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं असेल तर घ्या, पण मग आमच्या जिल्ह्यांचं नाव वरून काढा. त्यांनी लिहिलं, तू हट्टी आहेस, व्यावसायिक वागणं शिकायला हवंस. मी उत्तर दिलं, शिकते आहे.

दोन महिने काही आलं नाही. मी एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. गावात कुणी पुस्तकाचं विचारलं की मी विषय बदलायचे. त्या दिवसांत मी चिडकी झाले होते, वर्गात मुलांवर ओरडायचे, आणि एकदा मायलाही बोलले की तुझ्या त्या रीतीपायी माझं काम गेलं. ती म्हणाली, रीत माही नाई, पाल्याची हाय, अन् भांडी घासायला गेली.

मग सरांचा फोन आला. ते माझ्या म्हणण्याने बदलले नव्हते, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नागपूरला त्या दिवशी जे खेळले होते, ते सारखे विचारत होते की चावायचा नियम कधी येणार. दाढीवाल्याने तर तीन वेळा लिहिलं होतं. सर म्हणाले, दुकानात आता बाटल्यांऐवजी दोर आणि दिवे ठेवू. मी म्हटलं, ठेवा. ते म्हणाले, वनमातेचं चित्र चित्रकाराने फार मेहनतीने काढलं होतं. मी माझी अट पुन्हा सांगितली. ते म्हणाले, बरं, काढून टाकलं.

नव्याने जुळवलेली पानं आली, ती तपासली आणि मी बाकीच्या वीस वनस्पती पाठवल्या. प्रत्येकीपुढे कोण तोडतं, कधी तोडतं, काय होतं आणि काय होत नाही, हे लिहिलं. जिथे मायला माहीत नव्हतं तिथे माहीत नाही असं लिहिलं. सरांनी दोनदा विचारलं की इतक्या ठिकाणी माहीत नाही कसं चालेल. चाललं.

पुस्तक यंदा छापून आलं. रणांगणावरच्या औषधांचा अध्याय अठ्ठेचाळीस पानांचा आहे. कंबरमोडीला कंबरमोडीच म्हटलं आहे, चावून हा शब्द मोठ्या अक्षरात आहे, आणि अध्यायाच्या सुरुवातीला लेखक म्हणून दोन नावं आहेत, आधी मायचं आणि मग माझं.